वाढई, बिजागरी आणि कब्जा : घरदुरुस्तीच्या शब्दांविषयी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत पैशाचा, दगदगीचा आणि माणसांच्या पारखीचा अनुभव साठवलेला आहे. त्यात शब्दांच्या पारखीचीही भर घालावी, असे मला वाटते. जुने घर दुरुस्तीला काढले की एरवी वर्षभर कानी न पडणारे शब्द आठवडाभरात ऐकावे लागतात आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक शब्दाला किंमत चिकटलेली असते. फळी सहा सुतांची ठरली की चार सुतांची, यावर तिच्यावर भांडी ठेवल्यावर ती सरळ राहणार की मधोमध वाकणार, हे अवलंबून असते. शब्द कळला नाही तर काम कळत नाही, आणि काम कळले नाही तर घरधन्याला केवळ पैसे देण्यापुरतेच घरधनीपण उरते.

हे सगळीकडेच खरे आहे. आमच्या बोरगावात मात्र त्याला एक वेगळी बाजू आहे. बोरगाव सौंसर तालुक्यात आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला, त्यामुळे आता आमच्या पत्त्यावर पांढुर्णा जिल्हा असे लिहितात. त्याआधीचा मोठा बदल १ नोव्हेंबर १९५६ रोजी झाला. तोवर नागपूर ही आमची राजधानी होती आणि त्या जुन्या प्रांताच्या कारभारात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले. आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. घरातली, शेतातली आणि कारागिरांची भाषा मात्र तीच राहिली. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नागपुरी बोलीच्या प्रदेशात छिंदवाड्याचाही उल्लेख आहे.

याचा परिणाम असा, की आमच्याकडे घरदुरुस्तीचे एकच काम तीन भाषांतून चालते. काम करणारा हात मराठी बोलतो. ठेका, अंदाजपत्रक आणि पावती हिंदीत असते. सौंसरच्या किंवा नागपूरच्या दुकानातून येणारा माल इंग्रजी नावे घेऊन येतो. बोरगावला औद्योगिक क्षेत्र झाल्यापासून बाहेरगावचे ठेकेदारही येथे काम घेऊ लागले आहेत, त्यामुळे कागदाची हिंदी आता घरगुती कामांतही रुळली आहे. या तीन भाषांच्या सांध्यात घरधनी उभा असतो. सांधा नीट बसला नाही तर दाराप्रमाणे व्यवहारही कुरकुरतो.

प्रथम हाताच्या भाषेकडे पाहू. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला सुतार म्हणतात त्याला आमच्याकडे आणि पूर्व विदर्भात वाढई म्हणतात. हिंदीत तोच बढई. हे पाहून पुष्कळ सुशिक्षित मंडळी ‘वाढई’ हा बढईचा अपभ्रंश आहे, असे समजतात आणि लाजून सुतार म्हणू लागतात. त्यांनी लाजण्याचे कारण नाही. संस्कृत ‘वर्धकि’ या शब्दापासून प्राकृतात ‘वड्ढइ’ झाला आणि त्यापासून मराठीत वाढई व हिंदीत बढई असे दोन स्वतंत्र शब्द निघाले. ते भाऊ आहेत. एक दुसऱ्याचा मुलगा नव्हे. याचा पुरावा शब्दाच्या पहिल्याच अक्षरात आहे. संस्कृतातला आरंभीचा ‘व’ मराठीने जपला, हिंदीने त्याचा ‘ब’ केला. आपण वाढतो, हिंदीत बढते हैं. आपले वीस, त्यांचे बीस. आपला वाघ, त्यांचा बाघ. आपला वड, त्यांचा बड. वाढई हिंदीतून आला असता तर तो ‘ब’ घेऊनच आला असता.

घराच्या छपराशी जवळचे उदाहरण वाशाचे आहे. संस्कृत ‘वंश’ म्हणजे वेळू. हिंदीत त्याचा ‘बाँस’ झाला आणि तो झाडच राहिला. मराठीत त्याचा ‘वासा’ झाला आणि तो छपरावर जाऊन बसला. आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरणारे हे वासेच कवेलूंचा भार झेलतात. घर फिरले की घराचे वासे फिरतात, ही म्हण वासा पाहिलेल्या माणसालाच नीट कळते. ‘बडा घर पोकळ वासा’ या म्हणीत तर ‘ब’ आणि ‘व’ एकाच ओळीत शेजारी बसले आहेत. बडा हिंदी वळणाचा, वासा मराठी वळणाचा. सीमाभागाची स्थिती इतक्या थोड्या अक्षरांत दुसऱ्या कुणी सांगितली असेल असे मला वाटत नाही.

असाच दुसरा पुरावा ‘तासणे’ या क्रियापदात आहे. वाढई वाकसाने लाकूड तासतो. संस्कृतात ‘तक्ष्’ हा धातू आहे. ‘तक्षक’ म्हणजे लाकूड घडवणारा. संस्कृतातल्या ‘क्ष’चा मराठीत अनेकदा ‘स’ किंवा ‘श’ होतो, हिंदीत ‘ख’. मक्षिकेची आपल्याकडे माशी झाली, तिकडे मक्खी. कुक्षीची आपल्याकडे कूस झाली, तिकडे कोख. तासणे हे त्याच नियमाने आलेले मराठी क्रियापद आहे. व्याकरणाचे पुस्तक कधी न उघडलेला कारागीर रोज सकाळी या नियमावर हात चालवतो. आपल्या गावाच्या नावाचेही तसेच आहे. संस्कृत ‘बदर’ या फळाला मराठीने बोर म्हटले, हिंदीने बेर. गावाचे नाव बेरगाव नसून बोरगाव आहे. हे नाव कागदावर कुठल्याही भाषेच्या रकान्यात लिहिले तरी त्यातील बोराची चव मराठीच राहते.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. हे पुरावे हाती आले की आपला कारागिरी शब्दसंग्रह पूर्णपणे शुद्ध देशी आहे, असे म्हणावेसे वाटते. वाढयाची पेटी उघडली की हा गैरसमज टिकत नाही. करवत संस्कृत ‘करपत्रा’पासून आली आणि गवंड्याचा ओळंबा ‘अवलंबा’पासून आला, हे खरे. परंतु लाकूड गुळगुळीत करणारा रंधा हा फारसी ‘रंदा’ आहे. भोक पाडणारे गिरमिट इंग्रजी ‘गिम्लेट’चे रूप आहे. दाराची बिजागरी पोर्तुगीज ‘बिसाग्रा’वरून आली, किनाऱ्यावर उतरलेला तो शब्द सह्याद्री ओलांडून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचला. ज्याला आपण आदराने मिस्त्री म्हणतो तोही पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, म्हणजे उस्ताद. दाराच्या कुलपाचे मूळ अरबी ‘कुफ्ल’ आहे. गंमत अशी, की याच वस्तूसाठी हिंदीने ‘ताला’ हा संस्कृत वळणाचा शब्द ठेवला. ओळंब्याच्या बाबतीत नेमके उलट झाले. मराठीने संस्कृताकडून घेतले आणि हिंदीचा ‘साहुल’ अरबीकडून आला.

सर्वांत दूरचा प्रवास गुण्याचा आहे. काटकोन तपासण्याचे हे साधे साधन. दोन लाकडे किंवा दोन भिंती एकमेकींशी नीट उभ्या आहेत की नाहीत, हे मिस्त्री गुण्या लावून पाहतो. ग्रीक भाषेत कोनाला ‘गोनिया’ म्हणतात. तो शब्द फारसीत ‘गूनिया’ झाला, हिंदीत ‘गुनिया’ आणि मराठीत ‘गुण्या’. ‘पेंटॅगॉन’मधला ‘गॉन’ही त्याच घराण्यातला. शाळेत भूमिती अर्धवट सोडलेल्या माणसाच्या हातात ग्रीक भूमितीचा शब्द असतो आणि तो त्याला अगदी आपला वाटतो. वाटायलाच हवा, कारण शब्दाची मालकी जन्मदाखल्यावरून ठरत नसते, वापरावरून ठरते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातांनी तो वागवला, ते हात त्याचे धनी.

आता कागदाच्या भाषेकडे येतो. येथे मला स्वतःच्या घरातला एक प्रसंग सांगावा लागेल.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बोरगावच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली. पुढची सपरी आणि माजघर कवेलूंचे होते. पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी मांडावी लागत. कवेलू उतरवून वर स्लॅब घालायचा, स्वयंपाकघरात ओटा आणि कपाटे करायची, समोरचे दार बदलायचे, असे ठरले. एका ठेकेदाराने छापील नमुन्यावर अंदाजपत्रक करून दिले. सही करण्यापूर्वी मी ते घरात मोठ्याने वाचत होतो. एका ओळीत लिहिले होते, ‘किवाड़ के कब्जे ठेकेदार के रहेंगे।’ ऐंशीच्या घरातल्या आमच्या काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. “कब्जा त्याचा? दाराचा? मंग आपलं काय राह्यलं घरात?”

सगळे हसले. हिंदीत ‘कब्जा’ म्हणजे बिजागरीसुद्धा. ओळीचा अर्थ इतकाच होता, की दाराच्या बिजागऱ्या ठेकेदार स्वतःच्या पैशाने लावील. काकूंना हिंदी येत नाही असे नाही. सौंसरच्या बाजारात त्यांचा निम्मा व्यवहार हिंदीत होतो. पण बाजारातली हिंदी निराळी आणि करारातली निराळी. मराठी कानाला कब्जा म्हणजे ताबा, आणि ताबा म्हटले की म्हातारे माणूस दचकणारच. पुढच्या ओळीत ‘रसोई में टांड’ होती. त्यावर त्या म्हणाल्या, “माळा म्हना ना बाप्पा.” माळा या शब्दाने हिंदी माणसाला फुलांची माळ आठवेल, म्हणून त्यानेही तो लिहिला नसता. याच जातीचा तिसरा शब्द कपाट. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची झडप. हिंदीत तो अर्थ अजून जिवंत आहे. केदारनाथचे ‘कपाट खुले’ म्हणजे मंदिराची दारे उघडली. त्याच मुळापासून मराठीत दारासाठी कवाड आले आणि कपाट हे नाव सामान ठेवायच्या वस्तूला गेले. हिंदीने त्या वस्तूला आलमारी म्हटले, जी पुन्हा पोर्तुगीज ‘आर्मारियो’ आहे. आणि आम्ही सीमेवरची माणसे कपाट व आलमारी हे दोन्ही शब्द वापरतो.

इथपर्यंत सारे गमतीचे होते. गंमत संपली ती शेवटून दुसऱ्या ओळीवर. ‘निकला हुआ मलबा ठेकेदार उठाएगा।’ ही अट सर्वांनाच सोयीची वाटली. पडकामाची माती, फुटके कवेलू, विटांचे तुकडे कुणीतरी उचलून नेले तर बरेच. त्या दिवशी आमचे जुने वाढई मापे घ्यायला आले होते. ते वर पाहत होते. त्यांनी विचारले, “भाऊ, हे मयाल अन्‌ वासे कोनाकडं जातीन? हेबी मलब्यातच धरलं का?”

त्या प्रश्नाने घरातले वातावरण बदलले. छपराखालचे सर्व लाकूड सागवानी होते. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि जुने सागवान नव्यापेक्षा कमी वाकते, कारण त्यातला ओलावा केव्हाच निघून गेलेला असतो. माझ्या आजोबांनी हे घर बांधले तेव्हाचे हे लाकूड. समोरची चौकटही त्यातलीच; तिचा उंबरा तीन पिढ्यांच्या पायांनी मधोमध खोलगट झालेला. मी ठेकेदाराला विचारले. तो काही लबाड माणूस नव्हता. त्याने सरळ उत्तर दिले, की ‘मलब्या’त छपरातून निघणारे सर्व काही येते आणि आम्हाला दिलेला दर त्या हिशेबानेच कमी लावला आहे. लाकूड तुम्ही ठेवणार असाल तर दर वाढेल.

म्हणजे त्या एका शब्दाच्या पोटात आमचे सगळे सागवान होते. शब्द खोटा नव्हता, फसवाही नव्हता. फक्त फार ऐसपैस होता. त्यात वासा, मयाल, आढे, चौकट यांना स्वतंत्र नाव नव्हते, म्हणून त्यांची मोजणी नव्हती. आणि ज्याची मोजणी नाही ते राड्यारोड्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये जाते.

त्या संध्याकाळी वाढई, काकू आणि मी मिळून दुसरा कागद केला, मराठीत. मी लिहीत होतो आणि ते दोघे सांगत होते. चौकट एक, उंबऱ्यासह. कवाडे दोन. कडी-कोयंडा एक. मयाल तीन. आढे एक. वासे सव्वीस, पैकी चार किडलेले. खुंट्या सात. शेवटी एक ओळ : ‘वरील सर्व जुने सागवान घरधन्याचे. माती, फुटके कवेलू व विटा ठेकेदाराने उचलायच्या.’ काकूंना प्रत्येक लाकडाचे नाव आणि जागा ठाऊक होती. त्या वर न पाहता सांगत होत्या. मला यांतले दोन शब्द तोवर केवळ म्हणींतून माहीत होते.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने तो कागद आपल्या मिस्त्रीकडून वाचून घेतला. मिस्त्री शेजारच्या गावचा, मराठीच. त्याला हा कागद छापील नमुन्यापेक्षा लवकर कळला. दर काही हजारांनी वाढला, तो आम्ही मान्य केला आणि दोन्ही कागदांवर सह्या झाल्या. चौकट आता माजघराच्या नव्या दाराला आहे. चांगल्या वाशांच्या पट्ट्या काढून त्यांतून स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या चौकटी झाल्या. हिशेब केला तर आम्ही फायद्यातच राहिलो.

या अनुभवातून काही व्यवहाराच्या गोष्टी निघतात. ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांच्यासाठी त्या येथे लिहितो.

पहिली गोष्ट मापाची. आपले वाढई जाडी सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. दुकानातला माल मिलिमीटरमध्ये असतो. दोन सूत म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, चार सूत म्हणजे १२, सहा सूत म्हणजे १९ आणि आठ सूत म्हणजे एक इंच किंवा २५. कपाटाच्या पाठीला दोन सुतांचे प्लायवूड चालते. बाजूंना आणि फळ्यांना सहा सुतांचे लागते. प्लायवूडचा पूर्ण तक्ता बहुधा आठ फूट गुणिले चार फूट, म्हणजे ३२ चौरस फुटांचा असतो. कागदावर सूत आणि मिलिमीटर दोन्ही लिहून घ्यावे, म्हणजे वाढई आणि दुकानदार एकाच मापाने बोलतात.

दुसरी गोष्ट दुकानातल्या अक्षरांची. प्लायवूडवर ‘एम.आर.’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ हवेतला ओलावा सोसणारे, इतकाच. पाणी सोसणारे असा नव्हे. हे प्लायवूड बैठकीच्या खोलीत ठीक, पण ओट्याखाली भांडी धुण्याच्या जागी लावले तर फुगते. तेथे ‘बी.डब्ल्यू.पी.’ म्हणजे उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरणारे प्लायवूड मागावे. मरीन प्लायवूडवर आय.एस. ७१० हा मानकाचा क्रमांक असतो. ‘सनमायका’ हे मुळात एका व्यापारी मालाचे नाव, पण आता कुठल्याही लॅमिनेटला तेच म्हणतात. कागदावर नुसते ‘सनमायका’ लिहिले तर कोणत्याही दर्जाचा आणि कितीही पातळ तक्ता चिकटवला तरी करार मोडत नाही. म्हणून तेथे कंपनी आणि जाडी लिहावी.

तिसरी गोष्ट सांध्यांची. चौकट खिळ्यांनी जोडणार की कुसू काढून, हे विचारावे. एका लाकडाच्या टोकाला काढलेल्या जिभेला कुसू म्हणतात. ती दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवतात आणि गरज पडल्यास पाचर मारून घट्ट करतात. असा सांधा लाकूड फुगले-आटले तरी धरून राहतो. नुसत्या खिळ्यांची चौकट काही वर्षांत ढिली पडते. आपण ‘कुसू काढणार का?’ असे विचारले, की वाढयाला समजते की पुढचा माणूस काम पाहणारा आहे. हातही मग तसाच चालतो.

या तिन्ही गोष्टींत मराठी शब्दांनी काम अडत नाही, उलट सोपे होते, कारण काम करणारा मराठीतच विचार करतो. प्लायवूडला, लॅमिनेटला किंवा ड्रॉवरच्या चॅनलला संस्कृत घडणीचे नवे शब्द शोधून काढावेत, असे मी म्हणणार नाही. ज्या भाषेने बिजागरी आणि गुण्या पचवले ती प्लायही पचवील. किंबहुना तिने तो पचवलाच आहे. आमचे वाढई ‘प्लाय’चे ‘प्लायले’, ‘प्लायनं’ असे सहज विभक्तीत रूप करतात. नवा शब्द आत येण्याची चिंता नाही. चिंता आहे ती कुसू, मयाल, आढे, ओळंबा हे शब्द बाहेर जाण्याची, कारण त्यांच्या जागी कुणी नवा शब्द ठेवत नाही, तिथे नुसता ‘मलबा’ उरतो.

वस्तू गेली की शब्द जातो, हे मला मान्य आहे. स्लॅबच्या घराला वासे नसतात आणि ते नसणारच. कवेलू पुन्हा चढवा असे गळक्या घरात राहिलेला माणूस सांगणार नाही. पण वस्तू असेपर्यंत तरी तिचे नाव कागदावर यावे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) लिहिला तेव्हा सुताराचा समावेश गावच्या बलुतेदारांत होता. त्याला वर्षाचे बलुते धान्यात मिळे आणि काम बोलण्यावर ठरे. त्या काळी कागद लागत नव्हता, म्हणून शब्द तोंडात सुरक्षित होते. आज प्रत्येक काम कागदावर ठरते. कागदावर नसलेला शब्द कामातून जातो आणि कामातून गेलेला शब्द एका पिढीत तोंडातूनही जातो.

१९५६ हे साल सीमाभागात नेहमी राज्यपुनर्रचनेसाठी आठवले जाते. त्याच वर्षी डिसेंबरात देशात वजनमापांचा कायदा झाला आणि मीटर व किलोग्रॅम अधिकृत ठरले. कायद्याने इंच गेला. त्याचा आठवा भाग असलेले सूत मात्र आजही बोरगावच्या प्रत्येक कामावर ऐकू येते. त्याला कुणी अनुदान दिले नाही की कोणत्या समितीने जपले नाही. रोज लाकडावर पेन्सिलीची रेघ ओढण्यापूर्वी कुणीतरी ते उच्चारतो, म्हणून ते टिकले. भाषा टिकण्याची यापेक्षा भरवशाची रीत मला ठाऊक नाही.

म्हणून सीमाभागातील वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी काम निघेल तेव्हा ठेकेदाराचा हिंदी कागद जरूर घ्या, तो नीट वाचा, त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारा. आणि त्याला जोडून आपल्या भाषेतला एक कागद करा. तो करताना घरातल्या सर्वांत वडील माणसाला आणि काम करणाऱ्या वाढयाला शेजारी बसवा. ते सांगतील ती नावे तशीच लिहा; प्रमाण मराठीत बसतात की नाही हे नंतर पाहू. त्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पाच-पन्नास घरांतून असे कागद जमले तर सौंसर-पांढुर्णा परिसराचा कारागिरी शब्दकोश तयार करायला वेगळी मोहीम काढावी लागणार नाही. आणि शब्दकोश झाला नाही तरी निदान तुमचे सागवान तुमच्याकडे राहील.